कामासाठी गोव्यात आलो आणि हॉटेलने वैताग दिला : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

गेल्या अंकात पावसाळ्यातल्या गोव्याबद्दल लिहिलं होतं, त्यामुळे वाटलं आता धबधबे आणि पावसातल्या सांजाव सणाबद्दल विचारणा येईल. आली ती बहुतेक पत्रं कामासाठी येणाऱ्यांची. कोणी ऑडिटला आलेलं, कोणी मशीन बसवायला, कोणी डीलर मीटिंगला. गोव्याला चाललो म्हटलं की घरचेही समजतात मजा करायला चालला आणि हॉटेलवालेही तेच समजतात, मग या माणसांची गैरसोय कोणी मनावरच घेत नाही. पणजीत हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला मी बरीच वर्षं काढलीयत, काउंटरच्या आतली बाजू मला माहितेय, म्हणून यावेळचा सगळा कॉलम याच विषयाला देते.

प्रश्न : नमस्कार ताई. मी पुण्यात एका मशिनरी कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. जुलैत वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका फार्मा कंपनीत पॅकिंग मशीन बसवायला आलो होतो. आमच्या ट्रॅव्हल डेस्कने ॲपवरून कळंगुटजवळचं हॉटेल बुक केलं, फोटो एकदम झकास, वर फोर स्टार लिहिलेलं. रूम उघडली तर कुबट वास, भिंतीला बुरशी, एसीचं पाणी ठिबकून गादीची एक बाजू भिजलेली. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, "सर पावसात असंच असतं, सकाळी टेक्निशियन येईल." वायफाय फक्त लॉबीत चालत होतं. शेजारच्या शॅकमध्ये मध्यरात्रीनंतरही दणदणाट. सकाळी टॅक्सी मिळता मिळेना, वेर्ण्याला पोचेपर्यंत क्लायंटची माणसं माझी वाट बघत उभी. दुसऱ्या दिवशी हॉटेल सोडतो म्हटलं तर म्हणे बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे. एचआर म्हणतं पैसे कंपनीचे, तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस. पण मला सोडून द्यायचं नाहीये. काय करता येईल?
- एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, अजिबात सोडू नका. आणि आधी ते "पावसात असंच असतं" मनातून काढून टाका, कारण ते खरं नाही. गोव्यात पावसात दमट असतं हे मान्य, पण एसीचं पाणी गादीवर पडतं ते साफसफाई केलेली नसते म्हणून. एसी चालू असताना हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी होऊन खालच्या ट्रेमध्ये जमते आणि तिथून एका बारीक पाइपने बाहेर जाते. आमच्या हवेत ओलच इतकी की हे पाणी भरपूर निघतं, ट्रेमध्ये बुळबुळीत शेवाळ धरतं, पाइप चोंदतो आणि मग पाणी बाहेर जायच्या ऐवजी रूममध्ये ठिबकायला लागतं. ट्रे धुवायचा, पाइपमधून हवा मारायची, झालं, फार मोठं काम नाहीये ते. मे महिन्यात पावसाच्या आधी सगळ्या एसींचं सर्व्हिसिंग करून घेणाऱ्या हॉटेलात हा प्रकार क्वचित दिसतो.

कुबट वासाचं कारण वेगळं. सीझन संपला की मागच्या बाजूच्या, तळमजल्यावरच्या रूम्स आठवडेच्या आठवडे बंद पडून राहतात. की-कार्ड स्लॉटमधून काढलं की वीज बंद, म्हणजे एसी बंद, पंखा बंद, पडदे ओढलेले, खिडकी कोणी उघडत नाही. मग आधी हेडबोर्डच्या मागे, कपाटाच्या मागे, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर काळे ठिपके येतात. बुकिंग आलं की हाउसकीपिंगवाला येऊन चादरी बदलतो, रूम फ्रेशनर मारतो आणि तीच रूम तुमच्या गळ्यात पडते. दार उघडल्यावर आधी गोडसर वास आणि दोन मिनिटांनी त्याच्या खालून ओला वास आला असेल तर समजा ही रूम बंद होती. म्हणून पावसाळ्यात चेक-इन करताना मी सगळ्यांना एकच सांगते, "काल-परवा गेस्ट राहून गेलेली, वरच्या मजल्यावरची रूम द्या" असं स्पष्ट मागा. लोक उलट मागतात, एकदम फ्रेश, कोणी न वापरलेली रूम, आणि तिथेच फसतात.

आता त्या रात्रीबद्दल. रात्रपाळीला रिसेप्शनवर जो मुलगा असतो ना, त्याच्या हातात फारसं काही नसतं, बिचाऱ्याला रूम अपग्रेड करायचा किंवा बिल कमी करायचा अधिकार नसतो, म्हणून तो "सकाळी बघू" म्हणतो. त्याच्याशी वाद घालून काही निघत नाही. त्याला शांतपणे सांगायचं की ड्युटी मॅनेजरला फोन लाव, आणि लावेपर्यंत काउंटरवरून हलायचं नाही. जुलै म्हणजे ऑफ सीझन, हॉटेल भरलेलं असायची शक्यता कमीच, दुसरी रूम बहुतेक वेळा असते, फक्त ती पुन्हा तयार करायचा कंटाळा असतो. रूम बदलून मागितली आणि नाही दिली, हे तुमच्या तक्रारीतलं सगळ्यात वजनदार वाक्य ठरतं. ते वाक्य त्या रात्रीच तयार होतं, नंतर होत नाही.

आणि तेवढ्यावर थांबायचं नाही, लेखी द्यायचं. प्रत्येक हॉटेलात फ्रंट ऑफिसचं लॉग बुक असतं, एका शिफ्टवाला दुसऱ्या शिफ्टवाल्यासाठी त्यात लिहून ठेवतो. तुमची तक्रार त्यात तुमच्या डोळ्यांदेखत लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा. लिहायला नाही म्हणाला तर रूममध्ये बसूनच हॉटेलच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर चार ओळी, सोबत ओल्या गादीचा फोटो, एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ, रूम नंबर. ज्या ॲपवरून बुकिंग केलं त्या ॲपच्या चॅटवरही तेच. एवढी घाई का, तर सकाळी टेक्निशियन येऊन पाइप साफ करतो, चादर बदलली जाते, खिडकी उघडून पंखा लावला जातो आणि दुपारी बारा वाजता तुमच्या म्हणण्याला पुरावाच उरत नाही. तुमच्याकडे त्या रात्रीचे फोटो असतील अशी आशा करते. नसतील तर रिसेप्शनला केलेल्या कॉलची वेळ, ट्रॅव्हल डेस्कला पाठवलेला मेसेज, बायकोला किंवा मित्राला पाठवलेला फोटो, यातलं जे मिळेल ते काढून ठेवा.

नॉन-रिफंडेबलबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे आणि हॉटेलवाले त्याचाच फायदा घेतात. नॉन-रिफंडेबल म्हणजे तुमचा बेत बदलला, तुम्ही आलाच नाहीत, तर पैसे परत नाहीत. हॉटेलने वाट्टेल तशी रूम द्यावी आणि तुम्ही गप्प बसावं, असा त्याचा अर्थ होत नाही. कबूल केलं ते दिलं नाही तर ती सेवेतली कमतरता, आणि त्याची दाद ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली मागता येते, कॅन्सलेशन पॉलिसी काहीही म्हणो.

"पैसे कंपनीचे" या मुद्द्यावर जरा थांबते, कारण इथे खरंच एक पेच आहे आणि तुमच्या एचआरला तो माहीत असेल असं वाटत नाही. या कायद्यात व्यापारी हेतूने सेवा घेणाऱ्याला ग्राहक मानत नाहीत, त्यामुळे हॉटेलचा वकील पहिला हाच आक्षेप घेणार की बिझनेस ट्रिप होती. पण दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. एक म्हणजे ज्याने पैसे भरले त्याच्या संमतीने जो सेवा वापरतो तोही कायद्याच्या व्याख्येत ग्राहक म्हणून बसतो, म्हणजे कंपनीने पैसे भरले तरी राहिलात तुम्ही. दुसरं म्हणजे सुप्रीम कोर्टाचा 2019 चा लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टचा निकाल. तिथे नर्सेसना राहायला ट्रस्टने फ्लॅट्स घेतले होते, बिल्डर म्हणत होता हा व्यापारी हेतू झाला, कोर्टाने ते मानलं नाही. घेतलेल्या सेवेचा नफा मिळवण्याच्या कामाशी थेट, जवळचा संबंध आहे का ते बघायचं असं कोर्ट म्हणालं. कर्मचाऱ्याच्या रात्रीच्या झोपेसाठी घेतलेली रूम कंपनी पुढे विकत नाही की त्यातून नफा काढत नाही, त्यामुळे तुमची बाजू मांडायला नक्की जागा आहे. आक्षेप येणारच हे धरून तयारी ठेवा एवढंच.

क्रम असा ठेवा. आधी हॉटेलला आणि ॲपला ईमेल, काय कबूल होतं, काय मिळालं, किती पैसे परत हवेत आणि किती दिवसांत, हे रोखठोक लिहून. रक्कम मागताना पूर्ण स्टेचे पैसे मागण्यापेक्षा ज्या रात्रीची रूम राहण्यालायक नव्हती तिचे पैसे आणि वर झालेला खर्च मागा, पटण्यासारखं मागणं लवकर मान्य होतं. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर 1915. फोन करता येतो, ऑनलाइन तक्रारही टाकता येते, फुकट आहे. ती काही कोर्ट नाही, पण हेल्पलाइनकडून विचारणा गेली की मोठी ॲप्स बऱ्याचदा हलतात, पहिल्या ईमेलला न हललेलीसुद्धा. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि त्यासाठी गोव्याला खेटे घालायची गरज नाही, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणजे पुण्यातच. 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे, वकील लावायची सक्ती नाही. शिवाय गोव्यातलं प्रत्येक हॉटेल 1982 च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदलेलं असावं लागतं. ईमेलची एक कॉपी पणजीत पाटोला पर्यटन भवनात खात्याकडे पाठवून ठेवा. नोंदणी नसलेलं हॉटेल असेल तर मालकाला ती कॉपी जास्त झोंबेल.

त्या फोर स्टारबद्दलही बोलायला हवं. हॉटेलांना अधिकृत स्टार केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती तपासणी करून देते, आणि ते घ्यायचे की नाही हे हॉटेलवर असतं. ॲपवर दिसतात ते स्टार बऱ्याचदा ॲपने किंवा हॉटेलने स्वतः लावलेले असतात. बुकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, हॉटेलला विचारा मंत्रालयाचं सर्टिफिकेट दाखवा. नसेल तर ती दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून तक्रारीत घालता येईल.

रात्रीच्या आवाजाचंही असंच. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद, हा नियम 2000 सालापासून देशभर आहे, आणि काही ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं ती सोडली तर गोव्यालाही लागू आहे. हणजुणे, वागातोरच्या लोकांनी यासाठी हायकोर्टापर्यंत लढाई केलीय, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना वर्षानुवर्षं झोप नाही, त्यामुळे गेस्टने तक्रार केली तर गावकऱ्यांना बरंच वाटतं. तातडीच्या मदतीच्या 112 वर फोन करायचा, नाव-पत्ता सांगायचा. संकोच करू नका.

शेवटी लोकेशन, ही चूक मात्र तुमच्या ट्रॅव्हल डेस्कची, आणि त्यांना हे उत्तर वाचायला द्या. बाहेरच्यांना गोवा एवढंसं वाटतं, मॅपवर बोटभर. पण कळंगुटहून वेर्ण्याला जायचं म्हणजे मांडवी ओलांडायची, पणजी पार करायची, मग झुआरी ओलांडायची. झुआरीवर नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी पुष्कळ कमी झाली, तरी सकाळी ऑफिसच्या वेळेला तासाभरापेक्षा जास्त वेळ धरूनच निघावं लागतं, पाऊस असेल तर आणखी. त्यात ओला, उबर इथे नाही. गोवा माइल्स हे ॲप आहे, ते 2018 पासून चालतं, पण किनाऱ्याच्या भागात स्थानिक टॅक्सीवाल्यांचा आणि त्यांचा वाद असल्यामुळे सकाळच्या घाईत त्याच्यावर विसंबणं धोक्याचं. वेर्ण्याला काम असेल तर मडगाव, वास्को, दाबोळी किंवा वेर्ण्यातच राहायचं. समुद्र हवाच असेल तर माजोर्डा, कोलवा, तो भाग वेर्ण्याला बराच जवळ. कुंडई, बेतोड्याला काम असेल तर फोंडा. पिळर्ण, थिवीला असेल तर म्हापसा किंवा पर्वरी. पणजीत काम असेल तर पणजीतच, तिथे संध्याकाळी मासळीची थाळी खाऊन चालत रूमवर येता येतं, टॅक्सीचा प्रश्नच नाही. आणि फ्लाइट मोपाची की दाबोळीची ते तिकीट काढतानाच बघायचं, मोपा पार पेडण्यात उत्तरेच्या टोकाला, तिथे उतरून वेर्ण्याला जायचं म्हणजे निम्म्याहून जास्त गोवा पार करायचा. बुकिंगच्या आधी हॉटेलला थेट फोन करून एक प्रश्न जरूर विचारा, लाइट गेली तर जनरेटरवर रूमचा एसी चालतो का? पावसात लाइट जाते, आणि बऱ्याच छोट्या हॉटेलांत जनरेटरवर फक्त दिवे-पंखे असतात.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची, बँकेत इन्स्पेक्शनचं काम करते. पणजीच्या शाखेत काम होतं, कोल्हापूरहून बस उशिरा निघाली त्यामुळे हॉटेलवर पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. पैसे आधी भरलेले होते तरी रिसेप्शनवर म्हणाले मॅडम हॉटेल फुल्ल आहे, तुमची सोय दुसरीकडे केलीय, आणि एका मुलाबरोबर स्कूटरवरून गल्लीतल्या एका लॉजवर पाठवलं. तिथे दाराची कडी धड लागत नव्हती, आधार कार्डही रात्रभर त्यांच्याकडे ठेवून घेतलं. मी खुर्ची दाराला लावून बसून रात्र काढली. सकाळी कोणाला काही बोलले नाही, बँकेत नवीन आहे. पण असं करता येतं का त्यांना?
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही गं बाई, असं करता येत नाही. वाचून मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. हॉटेलं थोडं ओव्हरबुकिंग करतात हे खरं, काही गेस्ट येत नाहीत असं धरून. पण सगळे आले आणि रूम कमी पडल्या तर गेस्टला दुसरीकडे पाठवायचीही एक रीत आहे, आमच्या धंद्यात त्याला गेस्ट वॉक करणं म्हणतात. तेवढ्याच दर्जाचं किंवा वरचं हॉटेल, त्या रात्रीचं बिल पहिल्या हॉटेलने भरायचं, जायला गाडी हॉटेलने द्यायची, आणि मॅनेजरने स्वतः येऊन माफी मागायची. एकट्या बाईला, ते पण मध्यरात्रीच्या सुमाराला, वॉक करायचंच नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा सांगायचे. वॉक करायचा तर घरी कळवून झोपायला कुठेही जाऊ शकणारा एखादा लोकल गेस्ट निवडायचा. तुला स्कूटरवर बसवून लॉजवर पाठवणाऱ्याने यातलं काहीही पाळलं नाही.

पुढच्या वेळी असं झालं तर हॉटेल सोडायचंच नाही. लॉबीत सोफ्यावर बसायचं, तिथे दिवे असतात, कॅमेरा असतो, आणि शांतपणे म्हणायचं, माझं कन्फर्म बुकिंग आहे, पैसे भरलेत, मी इथेच बसतेय, मॅनेजरला बोलवा, नाहीतर मी 112 ला फोन करते. आवाज चढवायची गरजच पडत नाही. काउंटरसमोर बाई बसून राहिली की रूम निघते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एखादी रूम मालकाच्या पाहुण्यांसाठी नाहीतर छोट्या दुरुस्तीसाठी अडवून ठेवलेली असतेच. पर्यायी हॉटेल घ्यायचंच ठरलं तर आधी तिथे फोन लावून स्वतः बोलायचं, रात्रभर रिसेप्शनला माणूस असतो का विचारायचं, जायला टॅक्सी मागायची आणि गाडीचा नंबर घरी पाठवायचा. रिसेप्शनवर रूम नंबर मोठ्याने उच्चारला आणि आजूबाजूला लोक असतील तर दुसरी रूम मागायची, हा आपला हक्क समजायचा. रूममध्ये गेल्यावर कडी, खिडकी, बाल्कनीचं दार आधी, बॅग उघडणं नंतर.

आधार कार्ड कोणाकडे ठेवायचं नाही. ओळखपत्र बघून, नोंद करून लगेच परत द्यायचं असतं. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा वोटर कार्ड चालतं, आणि आधारच द्यायचं असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेव, त्यात फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात. उशीर होणार असेल तर बसमध्ये बसल्याबसल्याच हॉटेलला फोन करून "लेट अरायव्हल" नोंदवून घ्यायचं, ज्याच्याशी बोललीस त्याचं नाव लिहून घ्यायचं आणि तेच मेसेजने पाठवायचं. रात्री नाईट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करायचं काम, चालू झालं की न आलेली बुकिंग्ज नो-शो करून टाकायची घाई असते, तुझा मेसेज असेल तर तुझं बुकिंग तसं टाकता येत नाही.

झालेल्या प्रकाराबद्दल अजूनही लिहिता येतं, वरच्या उत्तरातला सगळा मार्ग तुलाही लागू आहे. आणि बँकेत नवीन आहेस म्हणून गप्प बसू नकोस, हे हॉटेल बँकेच्या यादीत असेल तर पुढच्या महिन्यात तुझ्या जागी दुसरी कोणी मुलगी तिथे जाणार. वरिष्ठांना ईमेल कर, "हे हॉटेल यादीतून काढा" एवढंच माग. कॉर्पोरेट बुकिंग गेलं की मालकाला जेवढं लागतं तेवढं हजार रिव्ह्यूंनी लागत नाही.

प्रश्न : इचलकरंजीत माझा सुताचा व्यापार आहे. मडगावला पार्टीला भेटायला गेलो, हॉटेल यथातथाच, पण बिलात जेवणावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर जीएसटी. सीए म्हणतो या जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही. हॉटेलने जीएसटी नंबर तर बिलावर नीट टाकला होता. मग अडचण काय?
- एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काका, तुमचे सीए बरोबर सांगतायत. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या रूमवर जीएसटी 5 टक्के झाला, पण त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा करायची सोय, नाही. 7,500 च्या वर 18 टक्के आहे, तिथेही तुमची अडचण सुटत नाही, कारण हॉटेलच्या बाबतीत सेवा जिथे इमारत आहे तिथे दिली असं धरतात, म्हणजे गोव्याचा एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) लागतो, आणि तुमचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं. गोव्यात रजिस्ट्रेशन असलेल्यालाच ते क्रेडिट घेता येतं. तेव्हा रूमचा दर बघताना टॅक्ससकट बघा आणि तेवढा खर्च धरूनच चला.

सर्व्हिस चार्ज मात्र द्यायची गरज नव्हती. तो टॅक्स नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलंय की हॉटेल, रेस्टॉरंटने तो आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. बिल सही करायच्या आधी म्हणायचं, हा चार्ज काढून द्या. वेटरचं काम आवडलं तर त्याच्या हातात स्वतः द्या, त्याला ते नक्की मिळतं. काढायला नकार दिला तर बिलाचा फोटो आणि 1915.

प्रश्न : ताई, दुसरी बाजू पण ऐका. मी म्हापशाजवळ एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. गेस्ट रात्री काही बोलत नाहीत, सकाळी हसून थँक्यू म्हणतात आणि घरी जाऊन वन स्टार टाकतात, एसी खराब, पाणी गरम नव्हतं. मालक तो रिव्ह्यू आम्हाला दाखवून शिव्या देतो आणि पगारातून दंड कापतो. आम्ही काय करायचं?
- एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुझं म्हणणं रास्त आहे रे, आणि म्हणूनच वरच्या सगळ्यांना मी रूममध्ये असतानाच बोला म्हणून सांगतेय. पण कामाला आलेला माणूस थकलेला असतो, त्याला भांडायची इच्छा नसते, म्हणून पहिलं पाऊल तू उचल. चेक-इन झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी रूममध्ये फोन कर आणि "सगळं ठीक आहे ना" असं विचारू नकोस, त्यावर सगळे हो म्हणतात. नेमकं विचार, एसी थंड करतोय का, गिझरचं पाणी आलं का, वायफाय रूममध्ये लागतंय का. ज्या रूमचा एसी गळतो ते तुला माहीतच असतं, ती रूम दुरुस्त होईपर्यंत आउट ऑफ ऑर्डर टाकायला, म्हणजे कोणाला न द्यायला, मॅनेजरला सांग आणि सांगितलंस ते लॉग बुकात तारीख-वेळेसकट लिही. मॅनेजरने तरीही ती रूम विकली तर ते पान तुझ्या कामी येईल.

दंडाचं म्हणशील तर मालकाला मनाला येईल तसा पगार कापता येत नाही. आधी तुला तुझी बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि दंड महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. गेस्टच्या रिव्ह्यूवरून सरळ पैसे कापले जात असतील तर पगाराच्या स्लिपा आणि तुझ्या लॉग बुकातल्या नोंदींचे फोटो घेऊन पाटोला श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जा. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर ज्यांचा ज्यांचा पगार कापला त्या सगळ्यांनी मिळून एकच अर्ज द्या, खाली सगळ्यांच्या सह्या करा आणि एका कॉपीवर पोच घ्यायला विसरू नका.